दोन एकर राहू द्या, एक वर्ष द्या

*डॉक्टर ताई, नमस्कार.*

*घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यावरून लिहितो आहे. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, कपाशी आणि सोयाबीन-तूर. दोन वर्षांआधी बाबांना लकवा मारला, तेव्हापासून वावर माझ्याकडे. मी आयटीआय अर्ध्यातच सोडला. लहान बहीण हुशार आहे. मराठी शाळेतून दहावीला 92 टक्के. 2024 ला बारावीसोबत मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली, 412 गुण पडले. मग एक वर्ष अकोल्याला क्लास अन् होस्टेल. त्यात एक लाख साठ हजार गेले, त्यातले अर्धे पतसंस्थेतून उचलले. 2025 ला 386 आले. म्हणजे पैसे लावून गुण कमी झाले. रँक आधी साडेतीन लाखाच्या पुढे होती, आता दोन लाखाच्या थोडी पुढे आहे म्हणते, त्यातलं मला समजत नाही. फिजिक्स कच्चं आहे, 180 पैकी साठच्या आत.*

*आता ती म्हणते, दादा, अजून एक वर्ष. आई म्हणते, पोरीची जात, किती शिकवता. बाबा ऐकून घेतात, बोलत नाहीत. रोडला लागून असलेले दोन एकर घ्यायला एक जण तयार आहे. एक एजंटही येऊन गेला, किर्गिझस्तानात पंचवीस लाखांत डॉक्टर करून देतो म्हणे. गावातला मेडिकलवाला सांगतो, डॉक्टर व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तोवर ती तिशीला येईल. ताई, एवढं सगळं करून शेवटी हाती काय येते? आम्ही उगाच तर मागे लागलो नाही ना? आम्ही कुणबी, ओबीसीत आहोत. माझं काही नाही, माझं लग्न झालं तर झालं.*

*— एक भाऊ*

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रातला एक हिशेब आधी दुरुस्त करते, कारण घरातली झोप त्यानेच उडवलेली दिसते. बहिणीचे गुण घटले हे खरं, पण ती मागे पडलेली नाही. एका वर्षात तिने दीड लाखाच्या आसपास मुलांना मागे टाकलं आहे.

2024 चा नीटचा पेपर सोपा होता आणि गुणांची नुसती लयलूट झाली. पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720. पुढे ग्रेस गुणांचा गोंधळ, फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट हे सारं होऊन सुधारित निकालात ते 17 वर आले. 2025 ला उलटं झालं. फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला आणि देशात पहिला आलेला मुलगा 686 वर थांबला. त्यामुळे त्या वर्षीचे 412 आणि यंदाचे 386 शेजारी ठेवून वजाबाकी करण्यात अर्थ नाही. कॉलेज मिळतं ते रँकवर, आणि तिची रँक साडेतीन लाखांवरून दोन लाखांवर आली आहे. परीक्षेला बसतात बावीस लाखांवर. अकोल्याचे एक लाख साठ हजार पाण्यात गेलेले नाहीत.

हे आई-बाबांना समोर बसवून सांगा, आणि तिच्या देखत सांगा. निकाल लागल्यापासून ही मुलगी घरात 'पैसे लावून गुण घालवलेली' म्हणून वावरते आहे. तुम्ही कोणी तोंडावर बोलला नसाल, पण ताट वाढताना घरात जे काही चालतं ते मुलींना बरोबर कळतं.

आता लगेच पेढे आणायला जाऊ नका. दोन लाख ही रँक एमबीबीएसला पुरत नाही. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. ओबीसी आरक्षण आणि राज्याचा 85 टक्के कोटा धरूनही तिला अजून बरीच मजल मारायची आहे. पूर्वी विदर्भाच्या मुलांना विदर्भातल्या सरकारी कॉलेजांत 70 टक्के जागा होत्या. ते सूत्र सरकारने 2020 मध्ये रद्द केलं. आता लातूर-नांदेडच्या पोरांशी थेट गाठ आहे. दुसरीकडे ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली आणि त्यातली पाच आपली: अमरावती, वाशीम, बुलडाणा, भंडारा, गडचिरोली. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया आणि नागपूरची दोन तर होतीच. माझ्या वेळी इतकी दारं नव्हती.

मग तिसऱ्यांदा बसावं का? तुम्ही शेतकरी आहात, दुबार पेरणीचा निर्णय कसा घेता? पाऊस दडी मारतो, उगवण विरळ होते, तेव्हा तुम्ही तासातासाने फिरून माती उकरून बघता की खाली किती बी जिवंत आहे. बहिणीच्या बाबतीतही तेच उकरून बघा. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत फरक पडला आहे का? पडला आहे, आणि मोठा पडला आहे. कच्चं नेमकं कुठे आहे ते ठाऊक आहे का? आहे, फिजिक्स. यंदा ते सगळ्यांनाच जड गेलं, पण 180 पैकी साठच्या आत म्हणजे मुळातच पाया हलका. बायोलॉजीचे 360 गुण पाठांतराने आणि पुस्तक घोटून हाती येतात, तिचे तिथे चांगले असणार. खाली ओढतं ते फिजिक्स आणि थोडंफार केमिस्ट्रीतली गणितं. रँक साडेतीन लाखांवरच अडकून पडली असती तर मी तुम्हाला आजच थांबा म्हटलं असतं. तसं नाही. म्हणून माझं उत्तर आहे: अजून एक वर्ष द्या, एकच.

'एकच' हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि आता वयाची वरची अटही राहिली नाही. ऐकायला बरं वाटतं, पण माझ्या ओपीडीत पाचव्या-सहाव्यांदा नीटला बसणारी मुलं येतात. कोणाला झोप नाही, कोणाचे केस झडतात, कोणाची पाळी चुकते. तपासण्या नॉर्मल. आई बाजूला उभी राहून सांगते, 'नुसती पुस्तक घेऊन बसते मॅडम, पान उलटत नाही.' सरकार मर्यादा घालत नाही, तेव्हा ती घराने घालायची असते, आणि वर्ष सुरू होण्याआधी घालायची असते. निकालाच्या दिवशी घालायला गेलात तर ती शिक्षा वाटते.

तर तिच्याशी बोलून आजच ठरवा. पुढच्या निकालात सरकारी एमबीबीएस, किंवा खासगी कॉलेजात सरकारी फेरीतून फी माफ होऊन मिळणारी जागा, यांतलं काही आलं तर ठीक. नाही आलं तर त्याच वर्षी दुसऱ्या कोर्सला प्रवेश. कोणत्या, तेही आताच लिहून ठेवायचं.

फी माफीचं म्हणाल तर हे तुमच्या घरात कोणी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर तुम्ही वावर विकायच्या गोष्टी केल्या नसत्या. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत, आणि एजंट लोक नेमकी तीच कॉलेजं दाखवतात. पाच एकर कोरडवाहूवाल्याचं उत्पन्न आठ लाखांच्या जवळपासही जात नाही, ते मी तुम्हाला काय सांगू. मेस, पुस्तकं, एप्रन, स्टेथोस्कोप, जाणं-येणं हे राहतं. त्यालाही सरकारच्या निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, ओबीसी मुलीला कोणती लागू होते ते विचारून घ्या. पैसे उशिरा जमा होतात, अर्ज पुन्हा पुन्हा मागे येतो, पण मिळतात.

म्हणजे ती सरकारी फेरीतून लागली तर दोन एकर विकायची गरज नाही, आणि नाही लागली तर विकून उपयोग नाही. रोडला लागून असलेले दोन एकर गेले की राहिलेल्या तीन एकरांना भाव नाही आणि वावरात गाडी न्यायला वाटही दुसऱ्याची. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला रस्त्याचं काहीतरी माहीत असेल. त्याला नाही म्हणा.

किर्गिझस्तानचा विषय दोन ओळींत संपवते. तिथून शिकून आलं तरी इथे प्रॅक्टिस करायला परदेशी पदवीधरांची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते, आणि दर खेपेला तिच्यात बसलेल्यांपैकी बहुसंख्य नापास होतात. त्यानंतर इथे पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. आपल्याच भागात तिकडून आलेली मुलं तीन-तीन वर्षं ही परीक्षा देत बसली आहेत, आणि घरचे लोक गावात सांगतात की मुलगा 'फॉरेनचा डॉक्टर' आहे. काही मुलं पास होतात, चांगले डॉक्टर होतात, नाही असं नाही. पण पंचवीस लाख कर्ज काढून हा जुगार तुमच्या घराने खेळू नये. एजंट पुन्हा आला तर त्याला एवढंच विचारा, तुझ्या हातून गेलेल्यांपैकी किती जण आज भारतात नोंदणी होऊन बसलेत, त्यांचे नंबर दे. तो चहा पिऊन जाईल.

आता तुमचा खरा प्रश्न. शेवटी हाती काय येते?

मेडिकलवाल्याने सांगितलेली दहा-बारा वर्षं बरोबर आहेत, पण त्याने ती सगळी एकाच पोत्यात भरली. मोकळी करून बघू. पुढच्या वर्षी लागली तर साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं. त्यात घर चालत नाही, पण ती तुमच्याकडे पैसे मागायची थांबते. तेव्हा ती पंचविशी-सव्विशीत असेल. मग सरकारी कॉलेजच्या बॉन्डप्रमाणे एक वर्ष सरकारी सेवा, टाळली तर दहा लाख भरा. हे वर्ष पगारी असतं, आणि बहुतेक वेळा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातं. इथे ती डॉक्टर झालेली असते. एमबीबीएसवर सरकारी वैद्यकीय अधिकारी गट-अ ची जागा लागली तर मूळ वेतन 56,100 पासून, वर भत्ते. तुमच्या घरात आजवर कोणी पाहिला नसेल एवढा पगार, दर महिन्याला, बोंडअळी आली तरी आणि नाही आली तरी.

एम.डी.-एम.एस. ची तीन वर्षं त्यापुढची. त्याआधी नीट पीजी, म्हणजे पुन्हा रट्टा. ती तिशी इथे येते. पण ही वर्षं घरच्यांना पोसावी लागत नाहीत, निवासी डॉक्टरला विद्यावेतन बरं मिळतं. आणि ती करायची की नाही हे ती सव्विसाव्या वर्षी स्वतः ठरवेल. तुम्ही आज चिंता करायची ती साडेपाच वर्षांची. बाराची करू नका.

आईला सांगा, मेडिकलच्या मुलींची लग्नं होतात. इंटर्नशिपमध्ये होतात, पीजी करताना होतात, काहींची तर वर्गातल्याच मुलाशी ठरतात. (हे शेवटचं आईला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा.)

पैशांचं झालं, पण तुम्ही 'हाती काय' विचारलं तेव्हा तुमच्या मनात फक्त पगार असेल असं मला वाटत नाही. म्हणून ते कामही सांगते. मी याच जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर होते. सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांमागे. कागदावर दोन डॉक्टर असतात, पण कित्येकदा एकच.

फवारणीच्या दिवसांतली रात्र अशी असते. बैलगाडी किंवा मोटारसायकलवर मधे धरून माणूस आणतात. अंगाला औषधाचा वास, तोंडातून फेस, अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आधी कपडे काढून अंग धुवायचं. नर्स एक हात धरते, रुग्णाचा भाऊ दुसरा. शीर सापडली की अॅट्रोपिन, म्हणजे विषावरचं इंजेक्शन. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर आहे, पुन्हा अॅट्रोपिन, दुप्पट. पुन्हा छाती. असं करत करत छाती कोरडी होते, नाडी वर येते, आणि मग 108 वर यवतमाळला पाठवायचं. गाडी कुठल्या गावाला गेलेली असेल तर ती येईतो आपणच अॅम्ब्यू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, हाताने दाबत बसायचं. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तुमच्या आसपासचंही कोणी असेल. त्यात जी वाचली त्यांच्यामागे अशीच कोणीतरी रात्रभर उभी होती, आणि तिचं नाव कुठे छापून आलं नाही.

दुसरं टोकही सांगायला हवं. त्याच डॉक्टरला सकाळी पोलीस पंचनाम्याचा कागद घेऊन दारात उभे दिसतात आणि तिला शवविच्छेदन करायचं असतं. आपल्या जिल्ह्यात ते कोणाचं असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मण्यार चावलेलं लेकरू पहाटे आणतात, आधी मांत्रिकाकडे तीन तास गेलेले असतात, आणि लेकरू हातात जातं, तेव्हा बाहेरचे लोक डॉक्टरीणबाईच्या अंगावर येतात. औषध संपलं तरी शिव्या तिलाच. क्वार्टरचं छत गळतं. महिला डॉक्टरला रात्री एकटीला त्या आवारात राहावं लागतं, हा तर मोठाच विषय आहे.

म्हणून बहिणीला मी एक काम सांगते, आणि क्लासची फी भरण्याआधी सांगते. पंधरा दिवस तिने तुमच्या आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून परवानगी मागा, आशाताईला मध्ये घाला, त्या सगळ्यांना ओळखतात. बाजाराच्या दिवशी सकाळी ओपीडीत कोपऱ्यात उभं राहून बघावं. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर बसावं. सिकलसेलच्या तपासणीला आलेल्या मुलांशी बोलावं. जखमेवरची पट्टी बदलताना बघावं, तो वास घ्यावा. कोणाला यात मळमळतं तर कोणाचे डोळे चमकतात. पहिल्या दिवशी मळमळणं चालतं, मलाही झालं होतं, चक्कर येऊन बाकावर बसले होते. पंधराव्या दिवशीही तिला तिथून घरी पळावंसं वाटत असेल, तर मग प्रश्न फिजिक्सचा नाही. तिला गावात 'डॉक्टरीणबाई' म्हणवून घ्यायचं असेल आणि आजाऱ्याजवळ बसायचं नसेल, तर हा रस्ता लांबच लांब वाटेल, पाचव्या वर्षीही आणि पंधराव्याही.

आणि एक विनंती. तिच्यासमोर थोरांची नावं टाकू नका. दहावी-बारावीच्या सत्कारात आपल्याकडे कोणीही उठतो आणि अभय बंग-राणी बंग, प्रकाश आमटे-मंदा आमटे, मेळघाटातले कोल्हे दाम्पत्य यांची नावं घेऊन 'तुम्हीही असं व्हा' म्हणून खाली बसतो. ती माणसं मोठी आहेतच. पण बंग 1986 मध्ये गडचिरोलीत गेले ते एम.डी. होऊन, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आल्यावर. ती मोठ्या वयात, सगळं समजून केलेली निवड होती. कर्जाच्या घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर त्यागाचं ओझं आधीच कशाला? तिने एमबीबीएस होऊन यवतमाळच्या एखाद्या दवाखान्यात नोकरी केली, पतसंस्थेचे हप्ते फेडले, आठ वाजता घरी येऊन जेवली, तरी पुष्कळ झालं.

आता दुसऱ्या वाटा, ज्या कागदावर लिहून ठेवायला सांगितल्या त्या. पशुवैद्यक पदवीला प्रवेशही नीटवरच होतो, नागपूरला जुनं कॉलेज आहे, कोर्स साडेपाच वर्षांचाच. गोठ्यात वाढलेल्या मुलीला याहून जवळचं काय? पण तिथेही रँक चांगली लागते. फिजिओथेरपीलाही आपल्या राज्यात नीट लागते. बाबांना लकवा झाला तेव्हा त्यांचा हात हलावा म्हणून कोणी व्यायाम दिला होता का? नसेल दिला, कारण तालुक्याला ते माणूसच नसतं. म्हणजे मागणी आहे, पण सुरुवातीचा पगार कमी. बी.एस्सी. नर्सिंगला वेगळी सीईटी आहे, चार वर्षं. ती करून उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून लागलेल्या मुली तुमच्या तालुक्यातच भेटतील, त्यांना विचारा.

बीएएमएसबद्दल माझं मत जरा तिखट आहे. आयुर्वेद शिकायचं म्हणून जाणार असेल तर जरूर जावं. सरकारी नोकरीत बीएएमएसवाल्यांना गट-ब वैद्यकीय अधिकाऱ्याच्या जागा आहेत, आरोग्य केंद्रं कित्येक ठिकाणी तेच चालवतात आणि चांगली चालवतात. पण 'एमबीबीएस नाही तर निदान डॉक्टर लावता येतं' म्हणून गेलेली मुलं साडेपाच वर्षं तोंड पाडून बसतात आणि पुढे सलाइन लावत आयुष्य काढतात. आणि एक धोका: यंदा कुठेतरी बीएएमएसला नाव घालू आणि आतून पुन्हा नीट देऊ, असा सल्ला क्लासवाले देतात. मूळ कागदपत्रं कॉलेजात अडकतात, मुदतीनंतर जागा सोडली तर दंड, आणि दोन्हीकडे अर्धवट. एक काहीतरी ठरवा.

आता हे वर्ष कसं काढायचं. अकोल्याला पुन्हा पूर्ण क्लास नको. तेच सर, तेच नोट्स, तीच दीड लाखाची फी. बायोलॉजी तिला येते, ती तिने एनसीईआरटीचं पुस्तक पुढ्यात घेऊन घरी करावी. फक्त फिजिक्स आणि केमिस्ट्रीतल्या गणितांसाठी शिकवणी लावा, यवतमाळला मिळेल, आणि एक टेस्ट सिरीज. तालुक्याला अभ्यासिका असेल तर महिन्याचे पास काढून द्या, घरात पाहुणे, टीव्ही, आणि 'चहा ठेव गं' संपत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलांची फिजिक्सची अडचण पुष्कळदा इंग्रजीची असते. प्रश्न समजायलाच अर्धा मिनिट जातो. पेपर मराठीतही घेता येतो, पण दोन वर्षं इंग्रजीतून तयारी झाली असेल तर आता बदलू नये, पुढे एमबीबीएस इंग्रजीतच आहे. तिने रोज वीस प्रश्न नुसते वाचून 'काय विचारलंय' ते मराठीत एका ओळीत लिहावं. उत्तर नंतर. महिन्याभरात फरक दिसतो. आणि दिवाळीपर्यंतच्या टेस्टमध्ये फिजिक्स शंभरच्या आसपास आलं नाही तर मला पुन्हा लिहा, तेव्हा वेगळं बोलू.

भाऊ, आता तुमच्याकडे वळते. सगळं पत्र तिच्याबद्दल आहे आणि शेवटी एक ओळ: 'माझं काही नाही, माझं लग्न झालं तर झालं.' ही ओळ मी दोनदा वाचली. आयटीआय सुटला, बाबा पडले, पतसंस्थेचा हप्ता तुमच्या नावावर, आणि आजकाल शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नाही हे तर मी रोज ऐकते. तुम्हाला राग येत नाही का? थोडासा तरी येत असणार, आणि आला तर त्यात पाप नाही. तो गिळून तुम्ही तिला शिकवत राहिलात तर पाच वर्षांनी तो वेगळ्या जागी बाहेर येतो: तिच्या लग्नात, वावराच्या वाटणीत, नाहीतर 'मी तुझ्यासाठी काय नाही केलं' या वाक्यात. मी ती घरं पाहिली आहेत.

म्हणून तिच्याशी उघड बोला. तू लागलीस तर पतसंस्थेचं कर्ज तुझ्या पहिल्या पगारातून फिटेल, हे आत्ताच तिच्याकडून कबूल करून घ्या, लाजू नका. आणि तिचं वर्ष चालू असताना तुमचंही काहीतरी चालू करा. आयटीआय कोणत्या ट्रेडचा होता ते तुम्ही लिहिलं नाही. इलेक्ट्रिशियन किंवा पंप मेकॅनिकचा असेल तर राहिलेलं पूर्ण करा, कोरडवाहूत वर्षाचे कितीतरी महिने हात मोकळे असतात. गावोगावी सोलर पंप बसताहेत आणि दुरुस्तीला माणूस नाही. घरात एका वेळी एकानेच शिकायचं असा काही कायदा नाही.

आणखी एक. पुढचं पत्र बहिणीने लिहावं. तुम्ही तिची बाजू चांगली मांडली, पण तिला डॉक्टर का व्हायचं हे या पत्रात कुठेच नाही. बहुधा तुम्ही तिला विचारलंही नसेल, आपल्याकडे हुशार मुलीला ते कोणी विचारत नाही, तिला 92 टक्के पडले की सगळे धरूनच चालतात. आरोग्य केंद्रात पंधरा दिवस काढून झाले की लिहायला सांगा.

तोवर तुम्ही कागदपत्रांच्या मागे लागा, ते काम तुमचं. जातीचा दाखला असेल, पण जात वैधता प्रमाणपत्र आहे का ते आजच बघा. नसेल तर बाबांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून यवतमाळच्या समितीकडे अर्ज टाका, तिथे महिने जातात. नॉन-क्रीमी लेयर चालू वर्षाचा लागतो. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, सेतूवाल्याला 'सेंट्रलचा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो राज्याचाच काढून देतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आणि सगळ्यांवर तिच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटप्रमाणे एकसारखं. सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. निकालानंतर सेतूत उभं राहायला जागा नसते.

— तुमची डॉक्टर ताई